नकोसे टपाल आणि उंबरठ्यावरचा नकार

टपालाच्या इतिहासात १८४० हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्यापूर्वी इंग्लंडात बहुधा पत्र घेणाऱ्याकडून पैसे वसूल केले जात. रोलंड हिल यांच्या सुधारणेने तो भार पाठविणाऱ्यावर आला. भारतात १८५४ साली अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले आणि अंतर कितीही असो, दर वजनानुसार, हे तत्त्व येथेही रुजले. ई-मेलने हा क्रम पुन्हा उलटा केला आहे. एक पत्र धाडण्यास जो खर्च येतो, त्याहून फारसा अधिक खर्च न करता लाखो पत्रे धाडता येतात. ती साठविण्याचा, चाळण्याचा व वाचण्याचा भार मात्र घेणाऱ्याच्या माथी बसतो. ज्याला ‘स्पॅम’ म्हणतात त्या पुराचे मूळ या व्यवहारात आहे.

मे १९७८ मध्ये अमेरिकेतील अर्पानेट या संगणकजालावर एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना जाहिरातीचे एकच पत्र पाठविले. पुढे १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेलच्या देवघेवीचे नियम, म्हणजे एसएमटीपी, लिहून काढले. ते वापरणारा वर्ग तेव्हा लहान व परस्परांच्या ओळखीचा होता. त्यामुळे पाठविणारा जे नाव सांगेल ते खरे मानावे, अशीच या नियमांची घडण राहिली. त्या भाबडेपणाची किंमत जग आजही मोजीत आहे.

या पुरास बांध घालण्याचे नाना उपाय निघाले. उपद्रवी संगणकांच्या काळ्या याद्या झाल्या. पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली, पत्रातील शब्दांवरून ते नकोसे असण्याची संभाव्यता मोजण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. २००३ साली आणखी एक सोपी युक्ती पुढे आली : अनोळखी पत्रास ‘थोड्या वेळाने पुन्हा या’ असे सांगावयाचे. प्रामाणिक सर्व्हर पुन्हा येतो; घाईत असलेला स्पॅम धाडणारा पुष्कळदा येत नाही. हे सर्व उपाय उपयुक्त आहेत. परंतु पत्र नकोसे ठरल्यावर त्याचे काय करावयाचे, या प्रश्नाकडे मात्र हवे तितके लक्ष दिले जात नाही. आणि खरा अन्याय घडतो तो तेथेच.

दोन सर्व्हरांमधील संभाषण कसे चालते हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. येणारा सर्व्हर प्रथम आपले नाव सांगतो, मग पाठविणाऱ्याचा पत्ता, मग घेणाऱ्याचा, आणि शेवटी मजकूर देतो. प्रत्येक टप्प्यास घेणारा सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो. दोनने सुरू होणारे उत्तर म्हणजे होकार, चारने सुरू होणारे म्हणजे तूर्त नकार, पाचने सुरू होणारे म्हणजे कायमचा नकार. मजकुरानंतर होकार दिला की पत्राची जबाबदारी घेणाऱ्याकडे येते. मग ते पोहोचविणे, अथवा न पोहोचल्यास तसे कळविणे, हे त्याचे कर्तव्य होय.

पत्र आधी स्वीकारून मागाहून परत धाडणे हा पहिला मार्ग. पण स्पॅमवरील पाठविणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो. म्हणून परतीचे पत्र भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडते. पत्र स्वीकारून गुपचूप नष्ट करणे हा दुसरा मार्ग, आणि तो अधिक घातक होय. चाळणी चुकल्यास पाठविणाऱ्यास पत्र पोहोचले असे वाटते आणि घेणाऱ्यास ते आल्याची वार्ताही नसते. एखाद्या उमेदवाराचे नियुक्तिपत्र वा रुग्णाचा तपासणी-अहवाल असा मधल्यामध्ये नाहीसा झाला, तर दाद कोणाकडे मागावयाची? तिसरा मार्ग म्हणजे संभाषण चालू असतानाच, कारण सांगून नकार देणे. त्यात पाठविणाऱ्याचा स्वतःचा सर्व्हरच त्यास अपयश कळवितो. चूक झालीच तरी ती उघड होते. आणि उघड झालेली चूक सुधारता येते.

याविरुद्ध आक्षेप आहेत व ते पोकळ नाहीत. उघड नकारामुळे कोणता पत्ता खरा आणि कोणता खोटा हे लबाडास कळते. संभाषण थांबवून मजकूर तपासणे यंत्रास जड जाते. शिवाय एकाच पत्राचे अनेक घेणारे असले, तरी मजकुरानंतरचे उत्तर सर्वांसाठी एकच द्यावे लागते. तथापि स्वस्त तपासण्या आधी व महाग तपासण्या नंतर ठेवल्या, आणि चुकीचे पत्ते वारंवार सांगणाऱ्यास लगेच बाहेर काढले, तर पहिल्या दोन अडचणी बऱ्याच सौम्य होतात. तिसरीसाठी, तसेच संशयित पण अनिर्णीत पत्रांसाठी, घेणाऱ्यास दिसेल अशी वेगळी पेटी ठेवावी.

भारतासारख्या बहुभाषी देशात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. स्पॅमअसॅसिन या २००१ पासून प्रचारात असलेल्या मुक्त प्रणालीत, व्यवस्थापकाने स्वीकार्य भाषांची यादी भरल्यास तीबाहेरील भाषेतील पत्रास जादा संशयगुण देण्याची सोय आहे. ज्या कार्यालयात त्या यादीत केवळ इंग्रजी भरली जाईल, तेथे मराठी, तमिळ वा असमिया पत्र केवळ भाषेमुळे संशयित ठरण्याचा धोका आहे. नागरिक आपल्या भाषेत अर्ज करतो आणि यंत्र त्याच्या भाषेलाच अपराध मानते! अशा यादीचा निर्णय एकट्या तंत्रज्ञावर सोपविणे उचित नव्हे. संस्थेच्या प्रमुखाने तो जाणून घेतला पाहिजे.

पूर अडविणे आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु दारावर आलेल्यास ‘नको’ म्हणणे वेगळे, आणि पत्र हाती घेऊन ते मागल्या दाराने विहिरीत टाकणे वेगळे. पहिल्यात कठोरपणा असेल, पण सचोटी आहे. आणि सार्वजनिक टपाल सचोटीवरच चालते.