झोपाळो म्हटले तर चूक कसे?

आमच्या वाडीतील एक मुलगी यंदा पहिलीत गेली. बाईंनी चित्र दाखवून विचारले, "हे काय?" पोरगी आनंदाने म्हणाली, "झोपाळो!" बाई म्हणाल्या, "झोपाळा म्हण. अशुद्ध बोलू नकोस." मधल्या सुट्टीत पोरांनी तिला 'अशुद्ध, अशुद्ध' म्हणून चिडवले. हा शब्द आपल्या घरात कसा लागतो ते मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी तिने दप्तर टाकले, "माका शाळेत जावचां नाय."

तिची आई आंब्याच्या बागेत मजुरीला जाते. तिने मला विचारले, "भाऊनू, आमचा बोलणा चुकीचा काय ओ?"

पालकहो, चुकीचे काहीच नाही. मालवणीत घोडा तो घोडो, भोवरा तो भोवरो, तसाच झोपाळा तो झोपाळो. हा त्या बोलीचा नियमच आहे. घाटावर त्यालाच झोका म्हणतात. आपली घसरगुंडी हिंदीत फिसलपट्टी होते, आणि बेळगावातला कानडी शेजारी तिला जारुबंडे म्हणतो, म्हणजे घसरायचा खडक.

साहेबांच्या भाषांचेही तेच. 'टोबॉगन' शब्दाचेच बघा. कॅनडातील मूळ रहिवासी बर्फावरून सामान ओढायला लाकडी सपाट गाडी वापरत, तिचे हे नाव. (आपली पोरे पोफळीच्या गळलेल्या झावळीवर एकाला बसवून ओढतात ना, तसलाच प्रकार. माझी चड्डी त्यातच फाटली होती.) ते नाव तिथल्या फ्रेंचांनी उचलले, त्यांच्याकडून इंग्रजांनी. इंग्रजीत ती अजून बर्फावरची गाडीच आहे. फ्रान्समध्ये मात्र टोबॉगन म्हणजे बागेतील घसरगुंडी! जंगलात राबणाऱ्यांचा शब्द, पण पॅरिसच्या शाळेत त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

मी बाईंना भेटलो. बाई वाईट नाहीत, घाटावरून नव्याने बदलून आल्या आहेत. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 29 त्यांना दाखवले. शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, मुलाला भयमुक्त ठेवावे, असे त्यात आहे. त्यांनी ऐकून घेतले, फळ्यावर दोन्ही शब्द लिहायचे कबूल केले.

'झोपाळा' तिने शिकायलाच हवा, पेपरात तोच येणार. पण 'झोपाळो' खोडून नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत याच कायद्याने किमान तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात निम्म्या महिला. तिच्या आईने पुढच्या वेळी नाव द्यावे, असे मी सुचवले आहे. मजुरी बुडेल म्हणून ती अजून हो म्हणालेली नाही.

पोरगी सोमवारपासून शाळेत जाते आहे.