इतिहासाला प्रॅक्टिकल का नाही?

इंजिनिअरिंगला प्रत्येक महत्त्वाच्या विषयाला लॅब होती. पेपरात घडाघडा लिहिलेलं सर्किट आपल्याला खरंच कळलंय का, हे ब्रेडबोर्डवर दहा मिनिटांत उघडं पडायचं. शाळेत विज्ञानालाही प्रयोगशाळा असते. इतिहासाच्या वाट्याला मात्र एकच प्रॅक्टिकल येतं, ते म्हणजे वेशभूषा.

गेल्या वर्षी सोलापुरातल्या एका शाळेत ‘जागतिक संस्कृती दिन’ झाला. माझ्या भाचीच्या वर्गाला रोम मिळालं. पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, ड्रेपरीवाल्याकडून टोगा आणि सोनेरी पानांचा मुकुट आणा, भाडं ३५० रुपये. पोरं स्टेजवर चढली, ‘मी ज्युलियस सीझर’ म्हणाली, फोटो काढून उतरली. सगळ्या रोमभर नुसते सीझर, कापड विणणारा एकही नाही! ज्यांच्या घरून ३५० रुपये निघाले नाहीत ती पोरं खाली बसून टाळ्या वाजवत होती. त्यांतल्या काहींचे वडील यंत्रमागावर जातात.

माझा राग इथे आहे. कारण सोलापूरच्या बाजूने रोमशी नातं सांगायचंच झालं, तर ते या खाली बसलेल्या पोरांचं निघतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात ‘तगर’ हे फार मोठं शहर म्हणून येतं. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, रस्ते धड नसलेल्या मुलखातून बंदरावर जायची आणि पुढे जहाजात चढायची. तगर म्हणजे आपलं तेर, असं अभ्यासक मानतात. तेच तेर, गोरोबाकाकांचं. कोजागरीला सोलापूरकर तुळजापूरला चालत जातात ना, त्याच दिशेने धाराशिव ओलांडून पुढे गेलं की लागतं.

तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमधून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय आहे. तेरला सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या अवशेषांत सापडलेली मूर्ती यांची धाटणी अभ्यासकांना जवळची वाटते. पाँपेई ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडे पोचली होती. आता सांगा, रोम शिकवायला भाड्याचा मुकुट लागतो की तेरची एक सहल?

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमातच रोमन साम्राज्य आहे. तिथली संग्रहालयं पोरांना दिवसभर रोमन जगणं करून बघायला लावतात. अंगरखे तेही घालतात, पण धान्यही दळतात, मोझॅकचे तुकडेही जुळवतात. दळायला त्यांना दगडी जातं मुद्दाम मिळवावं लागतं. आपल्याकडे ते अजून कुणाच्या ना कुणाच्या आजीच्या घरी पडून आहे. आणि हाताने इतिहास करणं आपल्याला परकं नाही. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोराला बुरूज का ढासळतो हे माती सांगते, निबंध नाही.

मग सोलापुरात असा दिवस करा. प्रत्येकाच्या हातात टकळी द्या. एक तास सूत काढू द्या. धागा दहादा तुटेल, तुटू द्या. एखाद्या विणकर आजोबांना मानधन देऊन बोलवा, धोटा कसा फेकतात ते दाखवू द्या. ताणा लावायला किती वेळ जातो ते पोरांनी घड्याळ लावून मोजू द्या. मग नकाशावर भडोचपर्यंतचे तीस दिवस मोजा.

कुणी म्हणेल, पोरांना कामाला जुंपायचं का? तासभर टकळी फिरवणं म्हणजे मजुरी नव्हे. आणि मजुरीबद्दल बोलायचंच असेल तर बोलूच. भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स खेचून घेतो आणि भारताचा माल आमच्याकडे शंभरपट किमतीला विकला जातो, अशी तक्रार रोमचा प्लिनी पहिल्या शतकातच करत होता. त्या शंभरपटीतलं विणणाऱ्याच्या हाती किती पडलं असेल? हा प्रश्न सातवीतल्या पोरीला पडला की ती घरी जाऊन बाबांना विचारेल, शोरूममधल्या चादरीतलं तुम्हाला किती मिळतं? मुकुट घातलेल्या सीझरला असा प्रश्न कधीच पडणार नाही.

खर्चाचं म्हणाल, तर टकळी आणि कापूस मिळून टोग्याच्या भाड्याहून स्वस्त पडतात. उरलेल्या पैशांत लाल परी तेरला जाऊन येते. अडचण पैशांची नाहीच. टकळीचा फोटो स्टेटसला चांगला दिसत नाही, ही अडचण आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर ड्रेपरीचा मेसेज आला की नुसता अंगठा टाकून सुटू नका. एवढंच विचारा: त्या दिवशी पोरं हाताने काय करणार आहेत?