निविदेच्या मेजाची दुसरी बाजू

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पदवीधर तरुणांना अलीकडे एक नवा उपदेश केला जातो. भरतीच्या जाहिरातींची वाट पाहत बसू नका. व्यवस्थापनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्या, निविदा भरण्याचे तंत्र आत्मसात करा आणि सरकारी कंत्राटांच्या व्यवसायात शिरा. उपदेश अगदीच खोटा नाही. सरकार हा या देशातला सर्वांत मोठा ग्राहक आहे. बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव, दरपत्रक, मुदतवाढ, दंडाची कलमे ही विद्या कोणीतरी शिकलीच पाहिजे. आमचा आक्षेप विद्येला नाही. ती मेजाच्या एकाच बाजूला बसणाऱ्याला शिकविली जाते, याला आहे.

राज्यघटनेच्या २९९ व्या कलमानुसार सरकारचे करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावाने होतात. म्हणजे त्या बाजूला खरे पाहता जनता उभी असते. कंत्राटदाराजवळ वकील असतो, लेखापाल असतो आणि जादा कामाचे देयक कसे मंजूर करून घ्यावे हे जाणणारा पदवीधर व्यवस्थापकही असतो. जनतेजवळ कोण असते? बदलीच्या आदेशाकडे डोळे लावून बसलेला अधिकारी, आणि ज्याला मोजमाप पुस्तिका कधी दाखविलीही जात नाही असा गावकरी!

सूरजागडचेच पाहा. एटापल्ली तालुक्यातील या डोंगरावरचा ३४८.०९ हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा २००७ साली लॉईड्स मेटल्स या कंपनीला मिळाला. खनिजपट्टे लिलावाने देण्याचा कायदा आला २०१५ साली. हा पट्टा त्याच्या आधीचा, म्हणून त्याचा लिलाव झाला नाही. पण त्याच कायद्याने जुन्या पट्ट्यांची मुदत पन्नास वर्षे केली, तिचा लाभ मात्र याला मिळाला. आज एटापल्लीत जन्मलेले मूल तिशी ओलांडील तेव्हा, २०५७ मध्ये, हा करार संपेल. २०२१ पासून प्रत्यक्ष खोदकाम त्रिवेणी अर्थमूव्हर्स ही दुसरी कंपनी करू लागली. कराराच्या पोटात आणखी एक करार. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा २०२३ मध्ये १ कोटी टनांवर नेण्यात आली. त्यासाठीची जनसुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली. तीही डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीला, पोलिसांच्या बंदोबस्तात.

ज्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत ज्याची यात्रा भरते, त्या डोंगराच्या करारात ग्रामसभेला स्थान काय? १९९६ चा पेसा कायदा गौण खनिजांसाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक मानतो. लोखंड हे प्रमुख खनिज. म्हणजे मुरूम उकरायचा तर गावाला विचारायचे, डोंगर उकरायचा तर नाही! वनहक्क कायद्याखालची संमती हा एक दरवाजा उरला होता. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी तोही केंद्राच्या मंजुरीनंतरचा सोपस्कार करून टाकला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सूरजागडला खाणीची सत्तरहून अधिक वाहने जाळली. वाहने जळाली, करारातील एक कलमही जळले नाही, आणि गावांवरचा पहारा तेवढा वाढला.

आता याच जिल्ह्यातील दुसरे चित्र. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने स्वतः बांबू विकला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानाचे लिलाव स्वतः करू लागल्या. सत्तर पानांचे पुडके, हजार पुडक्यांचे एक प्रमाण गोणी. दर किती, पहिला हप्ता केव्हा, पाऊस आला तर नुकसान कोणाचे, हे सारे गावाने ठरवायचे. कंत्राट देणारा पक्ष म्हणजे प्रत्यक्ष गाव! पण हे गावकरी कोणत्या विद्यापीठात शिकले? २०१७ मध्ये तेंदूच्या दराने उसळी घेतली, पुढच्या वर्षी तो कोसळला, आणि काही ठेकेदारांनी रकमा थकविल्या. त्या वेळी करारातील कच्चे कलम कोणते आणि हमी कोठे कमी पडली, हे सांगणारा एखादा प्रशिक्षित माणूस शेजारी असता, तर मजुरांचे पैसे बुडण्याचा धोका कितीतरी कमी झाला असता.

कोणी म्हणेल, आदिवासी तरुणाने कंपनीत साहेब होऊ नये काय? अवश्य व्हावे. लॉईड्सने येथील काही विद्यार्थ्यांना खाणशास्त्र शिकण्यासाठी ऑस्ट्रेलियात पाठविले, त्याचाही हेवा करण्याचे कारण नाही. पण कंपनी आपल्या गरजेपुरती माणसे घडवील, गावाच्या गरजेची नव्हे. तिच्याकडून ती अपेक्षा ठेवणे हाच भाबडेपणा. ते काम सार्वजनिक विद्यापीठाचे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठीच २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. सार्वजनिक कराराच्या व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी तेथे जरूर असावी. मात्र तिचा अभ्यास ग्रामसभेच्या दप्तरापासून सुरू व्हावा. विद्यार्थ्याने तेंदूच्या एका हंगामाचा करार लिहावा, खनिजपट्ट्याचा मसुदा माडियात समजावून सांगावा, आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा हिशेब तपासावा.

या शेवटच्या गोष्टीकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांएवढी रक्कम या प्रतिष्ठानात जमा होते. तो पैसा खाणबाधितांचा. पण खर्च होतो पुन्हा कंत्राटांतूनच. अनुसूचित क्षेत्रात त्याच्या आराखड्याला ग्रामसभेची मान्यता घ्यावी, असे केंद्राच्या योजनेतच लिहिले आहे. एटापल्लीच्या किती गावांत तो आराखडा वाचला गेला, हे पावसाळ्यापूर्वी गावोगाव जाऊन विचारता येईल. जेथे वाचला गेला नाही, तेथील ग्रामसभेने ठराव करून त्याची प्रत मागवावी. ठरावाचा कागद लिहून देण्याइतके शिक्षण तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याजवळ आहेच.