नाव झाकून वाचा

२० मे २०२६ रोजी डॉ. जयंत नारळीकर यांना जाऊन एक वर्ष पूर्ण होते. त्याआधीच्याच महिन्यात, २४ एप्रिलला, मराठी विज्ञान परिषदेने स्थापनेची साठ वर्षे पूर्ण केली. या दोन तारखांना जोडणारी एक घटना १९७४ सालची आहे. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी कथा वाचली, त्यांना ती आवडली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे जयंत विष्णु नारळीकर, हे पुढे कळले. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने मांडून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते.

नारळीकरांना त्या वेळी प्रसिद्धीची कमतरता नव्हती. फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे त्यांचे नाव विशीतच घरोघरी पोहोचले होते. अशा माणसाने स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती, तर परीक्षकांना ती नुसती कथा म्हणून वाचता आली असती का? नारळीकरांना वाचकाचे खरे मत हवे होते, म्हणून त्यांनी नाव झाकले. पहिल्या स्मृतिदिनी आम्हाला त्यांच्या मानसन्मानांपेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण तेव्हापासून आपण बरोबर उलटे करत आलो आहोत. आता आपण नाव वाचतो, आदराने मान लववतो आणि कथा कपाटात ठेवून देतो. ‘अवघड विज्ञान सोप्या भाषेत सांगितले’ हे वाक्य गेल्या वर्षभरात शेकडो वेळा छापून आले असेल. ते खरे आहे, पण कथा वाचलेल्या माणसाचे ते मत नव्हे. ‘यक्षांची देणगी’ न उघडताही ते लिहिता येते.

वाचकांना मते नसतात असे मात्र नाही. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या, पेण-रोह्यातल्या कोणत्याही जुन्या वाचनालयात विज्ञानकथांची फळी शोधा. ती बहुधा बालसाहित्याला लागून असते, आणि ती तिथे का असते हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पुस्तकाच्या मागे चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली दिसते. आत समासात पेन्सिलीने लिहिलेले असते. कुणी वेगाचा गुणाकार करून पाहिलेला असतो, कुणी ‘असे होऊच शकत नाही’ असा शेरा मारलेला असतो आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात त्याला उत्तर दिलेले असते. ग्रंथपालांना हा प्रकार आवडणार नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे. पण मराठी विज्ञानकथेची सर्वांत प्रामाणिक समीक्षा आजवर या समासांतच झाली आहे. पुस्तके जीर्ण म्हणून बाद झाली की ती मतेही रद्दीत जातात.

पेण आणि रोह्याच्या वाचकांबद्दल आम्ही मुद्दाम बोलतो आहोत. विज्ञानकथा म्हटले की महानगर, प्रयोगशाळा, संगणकाचा पडदा असे चित्र डोळ्यांसमोर येते. त्या चित्रात पेणजवळचे हमरापूर नसते, रोह्याजवळचे धाटाव नसते. तरीही या कथांची खरी कसोटी इथे लागते, असे आमचे ठाम मत आहे.

‘यक्षांची देणगी’मधली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा घ्या. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू अचानक डाव्या हाताने चेंडू टाकू लागतो, गणपतीच्या मूर्तीची सोंड बाजू बदलते, आणि या साऱ्यामागचे कारण एकच निघते: आरशात दिसते तशी ती वस्तू, तो माणूस, आरपार उलटून गेलेला असतो. पुण्यामुंबईचा वाचक या कल्पनेवर खूश होतो आणि पान उलटतो. पेणचा वाचक असा सहज पुढे जाणार नाही. पेण, हमरापूर, जोहे, तांबडशेत या पट्ट्यात मे महिना म्हणजे गणपतीच्या कारखान्यांची लगबग. परदेशी जाणाऱ्या मूर्ती रवाना होत असतात आणि कच्च्या मूर्तींचे ढीग अंगणापर्यंत आलेले असतात. इथल्या कारागिराच्या हातात दिवसभर साचा असतो. त्या साच्यात वरून डोकावून पाहा. डाव्या सोंडेच्या मूर्तीचा साचा असेल, तर आत सोंड उजवीकडे वळलेली दिसते. आपण आतून पाहतो तो सगळा गणपती उलटा असतो, आणि प्लास्टर ओतून मूर्ती बाहेर काढली की पुन्हा सुलटा. म्हणजे एका साच्यातून हजार मूर्ती काढा, सोंड डावीच येणार. उजवी हवी असेल तर मातीचा मूळ नमुनाच नव्याने घडवावा लागतो. उजव्या सोंडेची मूर्ती मुळात कमी घरांत बसते, तिचे सोवळे कडक मानतात, म्हणून तिचा वेगळा नमुना करायचा की नाही हा कारखानदारापुढचा व्यवहाराचा प्रश्नही असतो.

ज्याला हे हाताने ठाऊक आहे, त्याला नारळीकरांच्या कथेतला धक्का नेमका कुठे आहे ते कळते. घडलेल्या भरीव मूर्तीची सोंड उलट बाजूला नेणे हे माती, प्लास्टर, रबर यांपैकी कशानेही होणारे काम नाही. हातमोजा उलटा केला की डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसतो, पण भरीव वस्तू तशी उलटवायची तर आपल्या लांबी-रुंदी-उंचीच्या पलीकडची आणखी एक मिती लागते. गणितज्ञ हे समीकरणाने सांगतील. मूर्तिकार म्हणेल, ‘हे आमच्या साच्यात बसत नाही.’ दोघे एकच बोलत असतात. विद्यापीठातल्या चर्चासत्रांत या कथेवर बरेच बोलले गेले असेल, पण साचा हातात धरणाऱ्याचे मत कुणी विचारले असल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

दुसरी कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ती बहुतेकांना ठाऊक आहे, कारण तिचे इंग्रजी रूप राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. इतिहासाचे प्राध्यापक अशा एका मुंबईत पोहोचतात जिथे विश्वासरावांना चाटून गोळी निघून गेलेली आहे, १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे आणि कंपनी सरकार मुंबईत एका कोपऱ्यात अजून तग धरून आहे. बखरीचे एक फाटके पान तेवढे पुरावा म्हणून हाती उरते. नारळीकरांच्या सर्व कथांत आम्हाला ही श्रेष्ठ वाटते. इतर कथांत वैज्ञानिक कल्पना आधी येते आणि माणसे तिच्यासाठी उभी केलेली असतात. इथे मराठी मनातली जुनी जखम आधीपासून आहे आणि विज्ञान तिच्यात उतरते.

पण हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. कुलाब्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला इथे एक आक्षेप सुचला पाहिजे. पानिपत जिंकले म्हणून कंपनी कोपऱ्यात राहिली असती का? पानिपताच्या पाच वर्षे आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. ते जाळणाऱ्या इंग्रजांशी पेशव्यांनीच हातमिळवणी केली होती. कान्होजींनी उभे केलेले समुद्रावरचे बळ अशा रीतीने गेल्यावर पानिपतावर कुणाची गोळी कुणाला लागते यावर मुंबई बेटाचे भवितव्य किती अवलंबून होते? आमच्या मते पर्यायी इतिहासाचा फाटा १७६१ ला नव्हे तर १७५६ ला काढायला हवा होता. यात कथेला कमीपणा नाही. लेखकाशी असा वाद घालावासा वाटणे ही कथेच्या ताकदीचीच खूण आहे. या विषयावर कुणी ‘तुळाजींचे विजयदुर्ग’ लिहिणार असेल, तर तो लेखक आमच्याच किनाऱ्यावर निघावा अशी मनापासून इच्छा आहे.

रोह्याकडे वळले की वारा बदलतो. कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथल्या रासायनिक कारखान्यांच्या पाळ्यांवर अर्धा तालुका चालतो. सुबोध जावडेकर हे स्वतः रासायनिक अभियंते. भोपाळच्या वायुकांडावर त्यांनी ‘आकांत’ ही कादंबरी लिहिली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र शहरातल्या वाचकासाठी इतिहास आहे. ज्याच्या घरातला माणूस रात्रपाळीला गेला आहे आणि ज्याला वाऱ्याबरोबर येणाऱ्या वासावरून आज काय चालू आहे याचा अंदाज येतो, त्याला ती तशी वाचता येत नाही. तो तपशील तपासत वाचतो. झडप कुठे होती, भोंगा केव्हा वाजला, लोकांना कुठल्या दिशेने पळायला सांगायला हवे होते, असे प्रश्न त्याला पडतात. विज्ञान आपल्या घराशी येऊन उभे राहते तेव्हा काय होते, हे मराठी विज्ञानकथेने विचारले नाही असे म्हणणाऱ्यांनी जावडेकर वाचावेत. आणि वाचल्यावर काय वाटले ते सांगण्याचा पहिला अधिकार रोहेकरांचा आहे.

नाव झाकून वाचायचे तर उणेही बोलावे लागेल. नारळीकरांच्या कथांतली माणसे पुष्कळदा एकाच आवाजात बोलतात. दोन शास्त्रज्ञ समोरासमोर बसतात, एक विचारतो, दुसरा समजावतो आणि कथा थांबून राहते. स्त्रिया फार थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्यांना स्वतःचे काम क्वचितच असते. नारळीकरांच्या मागून आलेल्या अनेकांनी ही उणीव गुण समजून उचलली, आणि कथेच्या नावाखाली संवादात कापलेले लेख छापले गेले. उलट बाजूही खरी आहे. टीकाकारांनी या साहित्यप्रकाराकडे फिरकायचेच नाही असे जणू ठरवून टाकले होते. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. त्यानंतर नारळीकर स्वतः नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले ते २०२१ साली. मधल्या सेहेचाळीस वर्षांत कौतुक भरपूर झाले, भांडण मात्र झाले नाही, आणि भांडणाशिवाय कोणताही साहित्यप्रकार वयात येत नाही.

बाहेरच्या जगाने आपली कथा आपल्याहून गंभीरपणे घेतली, असे कधी कधी वाटते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेम्स गन यांनी जगभरच्या विज्ञानकथांचा जो संग्रह १९९८ साली काढला, त्यात लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आईन्स्टाईन’ आहे. बाळ फोंडके यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९९३ साली ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला आणि त्यात मराठी कथांना मोठी जागा मिळाली. मग मराठी वाचकासाठी असा संग्रह कुठे आहे? विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’मधून मराठीत आलेल्या ज्यूल व्हर्नपासून आजच्या मेघश्री दळवींपर्यंत, प्रत्येक कथेचे साल आणि ती प्रथम कुठल्या अंकात आली ते सांगणारा, दर काही वर्षांनी पुन्हा छापला जाणारा एक जाड ग्रंथ आमच्या टेबलावर असायला हवा. ‘नवल’, ‘धनंजय’ अशा दिवाळी अंकांतल्या कितीतरी कथा पुस्तकात आल्याच नाहीत. वाचनालयाची दिवाळी अंक योजना संपली की ते अंक गठ्ठ्याने बाहेर जातात, आणि त्यांच्याबरोबर एखाद्या लेखकाचे अख्खे काम नाहीसे होते. पन्नास वर्षांहून अधिक काळ विज्ञानकथा स्पर्धेशी नाते असलेल्या विज्ञान परिषदेने साठीच्या निमित्ताने हे काम अंगावर घ्यावे, अशी आमची जाहीर विनंती आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करता येईल. मे महिन्याची सुट्टी अजून उरली आहे. ३१ मे हा भा. रा. भागवतांचा जन्मदिवस. फास्टर फेणेच्या या जनकाने व्हर्नला मराठी घरात आणले, आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वाचूनच आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी पहिल्यांदा रात्री अंगणात येऊन वर पाहिले. यंदा त्या दिवशी रविवार आहे. पेण आणि रोह्यातल्या वाचनालयांनी त्या संध्याकाळी तासदोन तास दार उघडे ठेवावे. भाषणे नकोत, प्रमुख पाहुणे नकोत. एक कथा निवडावी, लेखकाचे नाव न सांगता मोठ्याने वाचावी आणि मग बोलायला लावावे, मूर्तिकाराला, पाळी संपवून आलेल्या कामगाराला, अकरावीत जाणाऱ्या मुलीला आणि बखरी पाठ असलेल्या निवृत्त गुरुजींना. पटले नाही तर का पटले नाही हे सांगण्याची अट घालावी, आणि आवडली तर कुठे आवडली तेही विचारावे. लेखकाचे नाव सगळ्यांत शेवटी सांगावे.

तिथे जे बोलले जाईल ते कुणीतरी वहीत उतरवून आमच्याकडे पाठवावे. हस्ताक्षर कसेही चालेल. शुद्धलेखन आम्ही पाहून घेऊ, मताला हात लावणार नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या पानाची एक बाजू त्यासाठी राखून ठेवली आहे.