पळसपापडी कोंबडीला द्यावी का?

फाल्गुनात रायपूरच्या बाहेर पडले की पळस फुललेला दिसतो. छत्तीसगडीत त्याला परसा म्हणतात. बूढापाऱ्यातल्या मराठी घरांत मात्र आजीच्या पिढीला फुलांपेक्षा बियांची ओळख अधिक. शेंगेत एकच चपटे, तांबूस बी असते. तीच पळसपापडी. पोरांना जंत झाले की ती ताकातून किंवा गुळातून देण्याची जुनी रीत. मग परसदारी दहा-बारा कोंबड्या पाळून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या गृहिणीला वाटते, पोराला चालते ते कोंबडीला का चालू नये?

शंका अगदीच अस्थानी नाही. या बियांत पलासोनिन नावाचे द्रव्य असते. कोंबडीच्या आतड्यात पाच ते दहा सेंटिमीटर लांबीचे गोल जंत होतात, त्यांच्यावर भारतीय शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात या द्रव्याचे प्रयोग केले आणि त्याचा जंतांवर परिणाम होतो असे त्यांना आढळले. पण हेच पलासोनिन अंगावर फोड आणणाऱ्या भुंग्यातील कँथरिडिन या विषाचे जवळचे भावंड आहे. किलो-दीड किलोच्या पक्ष्याला अंदाजाने चिमूटभर पूड चारणे म्हणूनच धोक्याचे.

खरी फसगत होते ती पिलांच्या बाबतीत. तीन ते सहा आठवड्यांची पिले पंख पाडून कोपऱ्यात बसतात, विष्ठेत रक्त दिसते आणि शेजारीण म्हणते, ‘जंत झालेत.’ ते जंत नसतात, ती असते रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तिचे परजीवी एकपेशीय, डोळ्यांना न दिसणारे आणि आतड्याच्या पेशींत शिरून बसणारे. जंतावरचे औषध तिथे कामाचे नाही. पळसपापडीचा गुण येण्याची वाट पाहण्यात दोन दिवस गेले, तर तेवढ्यात खुराडे निम्मे रिकामे होऊ शकते.

या रोगावर वनस्पती नाहीच असे नव्हे. चीनमध्ये हिवतापावर वापरात असलेल्या चांगशान या झुडपातील द्रव्यावरून हॅलोफ्युजिनोन हे कोंबड्यांचे औषध तयार झाले. त्याचे प्रमाण किती? एक टन खाद्यात अवघे ३ ग्रॅम! त्याहून वाढले की पक्ष्याचे खाणे कमी होते आणि वाढ खुंटते. झाडपाल्याचे म्हणून निरुपद्रवी, या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

तेव्हा आधी विष्ठेचा ताजा नमुना स्वच्छ बाटलीतून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. जंतांची अंडी की कॉक्सिडिया, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते. रक्ती हगवणीसाठी डॉक्टरांनी अँप्रोलियम दिले, तर ते चालू असेपर्यंत ब-१ जीवनसत्त्वाचे टॉनिक पाजू नये. हे औषध त्याच जीवनसत्त्वाचे सोंग घेऊन परजीवीला फसवते, टॉनिकने ते सोंग उघडे पडते. आणि पिलांखालचे भाताचे तूस ओले झाले की त्याच दिवशी बदलावे. उबदार ओलीत रोगाचे बीज एक-दोन दिवसांतच लागण करण्याजोगे होते.