एक संग्रह, सहा हात



सासूबाईंच्या प्रथम पुण्यस्मरणाची पत्रिका छापावयाची होती. दशलक्षण पर्वातील उपवासांच्या पारण्याच्या वेळी त्या मनमोकळ्या हसल्या होत्या. तेच छायाचित्र घ्यावे, असे सर्वांचे मत पडले. आमच्या कुटुंबातील सहा जणांचा छायाचित्र-संग्रह एकच आहे. प्रत्येकाने आपापला फोन उघडून पाहिला. ते छायाचित्र कोणाकडेच नव्हते.

चौकशीअंती उलगडा झाला. धाकट्या जाऊबाईंनी तीन आठवड्यांपूर्वी फोनमधील जागा मोकळी करताना एकसारखी दिसणारी छायाचित्रे काढून टाकली होती. आपल्या फोनमधून काढले म्हणजे ते आपल्यापुरतेच गेले, अशी त्यांची समजूत. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. सुदैवाने काढलेली छायाचित्रे ३० दिवस वेगळ्या कप्प्यात राहतात. थोरल्या दिरांनी ती मुळात संग्रहात भरली होती. त्यांनीच ती परत मिळविली.

जाऊबाईंचा हेतू शुद्ध होता. एकाच प्रसंगाची बारा छायाचित्रे साठवणे हाही परिग्रहच. तो कमी करावा हे योग्यच. चूक झाली ती प्रमादाची, म्हणजे असावधानतेची. आणि ती एकट्या त्यांची नव्हती. संग्रह सुरू करताना त्याचे नियम आम्ही कोणीच समजून घेतले नव्हते.

येथे तीन व्यवस्थांची गल्लत होते. पहिली, सामायिक जागा. गूगलच्या सशुल्क योजनेत आपण आणखी पाच कुटुंबीयांना साठवणुकीची जागा वापरू देऊ शकतो. मात्र प्रत्येकाची छायाचित्रे त्याची त्यालाच दिसतात. दुसरी, सामायिक अल्बम. त्यात निवडक छायाचित्रेच इतरांना दाखविली जातात. तिसरी, सामायिक संग्रह. अ‍ॅपलने २०२२ मध्ये आणलेल्या अशा संग्रहात एकूण सहा जण सहभागी होऊ शकतात. त्यांपैकी कोणीही छायाचित्र भरू, बदलू किंवा काढू शकतो आणि त्याचा परिणाम सर्वांकडे होतो. जागा मात्र संग्रह सुरू करणाऱ्याच्या खात्यातील खर्च होते. सामायिक तिजोरीची किल्ली सहा जणांच्या हाती असावी, तसा हा प्रकार आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही तीन नियम ठरविले. काढावयाची छायाचित्रे आधी एका वेगळ्या अल्बममध्ये ठेवावीत आणि महिनाअखेरीस सर्वांनी पाहिल्यावरच ती काढावीत. ज्याचे छायाचित्र आहे त्याची संमती महत्त्वाची मानावी. पुतणीने आजारपणातील स्वतःचे छायाचित्र नको म्हटले, तेव्हा ते कोणताही प्रश्न न विचारता काढले. तिसरा नियम असा, की संपूर्ण संग्रहाची स्वतंत्र प्रत वर्षातून एकदा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. सामायिक संग्रह म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तेथील चूक सहाही फोनवर पोहोचते.

या तिसऱ्या कामासाठी श्रुतपंचमीचा दिवस निवडला आहे. त्या दिवशी मंदिरातील शास्त्रे बाहेर काढून स्वच्छ केली जातात, त्यांना नवी वेष्टने चढविली जातात. धवला ग्रंथाच्या ताडपत्रांवरील प्रती मूडबिद्रीत शतकानुशतके जपल्या गेल्या. पण त्यांच्या नकला बाहेर आल्या आणि १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला, तेव्हाच तो सर्वसामान्य वाचकाच्या हाती आला. जे जपावयाचे ते एकाच ठिकाणी ठेवू नये, हे आपल्या पूर्वजांनी कधीच जाणले होते.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला जाऊबाईंनी सर्वांची क्षमा मागितली. आम्हीही त्यांची मागितली, कारण त्या दोन दिवसांतील आमचे मौन अधिक कठोर होते. पत्रिकेवर सासूबाई हसत होत्या. आपल्याही घरी असा संग्रह असेल, तर या रविवारी सर्वांनी एकत्र बसून एवढेच विचारावे: यातील काही काढावयाचे झाल्यास आपण कोणाला विचारतो?