जाहिरात अडवा, पण कोणाची?

बारामती-इंदापूरच्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आमची मुले मोबाईलवर ‘ॲडब्लॉकर’ बसवतात. बातमी चार ओळींची आणि जाहिराती दहा, वर रिचार्जमधला डेटा जातो तो वेगळाच! ही चोरी आहे, असा वृत्तपत्रांच्या मालकांचा कांगावा आहे. आम्हास तो मान्य नाही. छापील अंकातली जाहिरात वाचलीच पाहिजे असा करार कोणत्या वाचकाने केला होता? जर्मनीत एका बड्या वृत्तसमूहाने यावर दावा लावला. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ॲडब्लॉकर ही अनुचित स्पर्धा नाही, असा निकाल दिला. कॉपीराइटचा मुद्दा मात्र २०२५ मध्ये फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे गेला आहे.

शिवाय छापील जाहिरात वाचकाच्या मागे लागत नसे. ही लागते. तुम्ही काय पाहिले, कुठे थांबलात, सारे टिपते. पैशाच्या ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती बंद करायला संसदेला २०२५ साल उजाडले. तोवर रमीच्या नादाने किती घरे बसली, ते तालुक्यात कोणालाही विचारा.

मग प्रश्न मिटला काय? नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून पत्र उभे राहिले, आणि १९२३ साली बंद पडले. पुढे ‘बहिष्कृत भारत’ही पैशाच्या ओढाताणीतच १९२९ साली थांबले. आजही भांडवलदार चळवळीच्या पत्रांना जाहिरात देत नाहीत. इंटरनेटवरील आपल्या संकेतस्थळांना यंत्राने आपोआप टाकलेल्या जाहिरातींचे चार पैसे मिळतात, तेवढाच आधार. ॲडब्लॉकरला मात्र प्रस्थापितांचे पत्र आणि आपले पत्र यांत फरक कळत नाही. बड्यांना तर त्यातूनही वाट मिळते. एका नामांकित ॲडब्लॉकरने ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींची यादी केली, आणि गुगलसारख्या कंपन्या पैसे मोजून तीत बसल्या. वेशीवर पहारा बसवायचा आणि सावकाराला तेवढा आत सोडायचा, हा न्याय आमच्या ओळखीचा आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जाहिराती खुशाल अडवा, तो तुमचा हक्क आहे. पण चळवळीच्या संकेतस्थळाला त्यातून सूट द्या, नाहीतर त्याची वर्गणी भरा. सूट कशी द्यायची हे ज्यांना ठाऊक नसेल, त्यांनी रविवारी विहारात येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना विचारावे. दोन मिनिटांचे काम आहे.